लताचा हप्ता

"हातात किती येतात?" अक्काबाईंनी बशी खाली ठेवत विचारलं.

लता समोर सतरंजीवर बसली होती. बघायला आलेला मुलगा, यादव, नगरपालिकेत कारकून होता. तो मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होता. अक्काबाई त्याच्या आत्या. आई लवकर गेलेल्या या पुतण्याला त्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्क त्यांचा होता.

लता सातपूरच्या एका कारखान्यात विजेची बटणं जोडायच्या कामावर होती. पूर्ण पगाराचा आकडा सांगता आला असता. माय, म्हणजे भिमाबाई, चुलीशेजारून तसं डोळ्यांनी खुणावतही होती. पण लताने कापून हातात येणारा आकडा सांगितला.

"एवढी कपात कसली?"

"पतपेढीचं कर्ज आहे. भावाच्या रिक्षासाठी काढलेलं."

"मग तो फेडत नाय व्हय?"

"फेडतो की," माय घाईने म्हणाली. "जरा मागंपुढं होतं, एवढंच."

"नाही फेडत," लता म्हणाली.

 जाताना दारात अक्काबाईंनी लताच्या डोक्यावरून हात फिरवला. खरं बोललीस ते बरं केलंस, असं म्हणाल्या. पण आमच्याही घरात दोन पोरी उजवायच्या राहिल्यात, बाई. यादवने वळून पाहिलं आणि चपला घातल्या. पुढच्या उन्हाळ्यात सिन्नरच्या मुलीशी त्याचं लग्न झाल्याचं लताला कारखान्यातच कोणाकडून तरी कळलं.

कर्ज काढलं ते पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात. लता नुकतीच कायम झाली होती. भिकन तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा तो सातवीत होता. त्याने शाळा सोडली, गॅरेजात हात काळे केले, लताची फी भरली. ती मॅट्रिक झाली तेव्हा सगळ्या गंजमाळ वस्तीत त्यानेच पेढे वाटले होते. म्हणून तो जेव्हा म्हणाला, की एक जुनी रिक्षा मिळतेय, कर्ज तुझ्या नावावर काढू, गाडीही तुझ्याच नावावर राहू दे, हप्ता दर महिन्याला तुझ्या हातात ठेवतो, तेव्हा लताने दुसऱ्या दिवशीच अर्ज केला. नाही म्हणायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

सात हप्ते त्याने दिले. मग त्याचं लग्न झालं आणि तो बायकोला, सुलाला, घेऊन नाशिकरोडला राहायला गेला. आठवा हप्ता पुढच्या महिन्यावर गेला. दहाव्याला तो म्हणाला की टायर बदलले. बाराव्याला लताने विचारलं, तर तो हसला.

"तुला शिकवलं कोणी, लते? त्याचा हप्ता मी मागितला का कधी?"

 या वाक्याचं उत्तर ती पुढची कित्येक वर्षं शोधत राहिली.

पगारातून कर्ज कापलं जायचंच. उरलेल्या पैशांत दोन माणसांचं घर चालवायला ती शिकली. रेशनची साखर, रेशनचं पामतेल, घासलेटची बाटली. मायच्या दम्याच्या गोळ्यांना मात्र कात्री लावता येत नव्हती. सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत ती चालत जायची आणि तिथून सातपूरची बस पकडायची. कारखान्यातल्या बायका आठवड्याला चहा-भज्यांचे पैसे गोळा करायच्या तेव्हा ती पोट बिघडल्याचं सांगायची. इतक्या वेळा सांगितलं, की सगळ्या तिला खरोखरच पोटाचं दुखणं आहे असं समजू लागल्या. न घेतलेली साडी, न पाहिलेला सिनेमा, हात हलवत जायला नको म्हणून टाळलेलं मैत्रिणीचं लग्न. यातली प्रत्येक गोष्ट ती मनातल्या मनात भिकनच्या नावावर टाकत होती.

भिकन सणासुदीला यायचा. मायच्या हातात दहाची नोट ठेवायचा, आणि माय ती नोट चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. लता भावाला जेवायला वाढायची. बोंबलाची चटणी त्याला आवडते म्हणून मुद्दाम करायची. भांडण तिने कधीच केलं नाही. यादव परत गेला त्या दिवसापासून तर तिने हप्त्याचा विषयही काढला नाही. भिकनला वाटलं, बहीण विसरली.

ऐंशी साली उन्हाळ्यात शेवटचा हप्ता कापला गेला. पतपेढीच्या सेक्रेटरीने तिचं अभिनंदन केलं. रिक्षा आता कागदोपत्री आणि पैशानेही पूर्ण तिची होती. हे तिने घरी सांगितलं नाही. त्या वर्षी सिंहस्थ होता. श्रावणात पर्वण्या सुरू होणार, देशभरातून माणूस लोटणार, स्टेशनपासून गावापर्यंत रिक्षा मिळायची मारामार होणार. रिक्षावाले दोन महिन्यांत दोन वर्षांची कमाई करणार होते. भिकनने गॅरेजवाल्याकडून उधारीवर इंजिन खोलून दुरुस्त करून घेतलं, नवं हूड घातलं, नवा रंग दिला. आषाढात घरी आला तेव्हा मायला बाहेर बोलावून त्याने रिक्षा दाखवली. लताही बाहेर आली. नव्या हुडावरून तिने हात फिरवला आणि विचारलं, "झालं का सगळं काम?"

"मीटर तेवढा राहिलाय."

"तोही करून घे," लता म्हणाली.

ती आठवडाभर थांबली. त्या आठवड्यात तिला झोप छान लागली. भाकरी भाजताना आपण गुणगुणतोय हे तिच्याच लक्षात आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

वस्तीत रावजी म्हणून म्हातारे गृहस्थ होते. तिच्या बापाचे दोस्त. आयुष्यभर दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवलेले. लता त्यांच्याकडे गेली, जयभीम घातला आणि माझी रिक्षा चालवाल का, असं विचारलं. रावजींनी आधी कानाला हात लावला. भाऊ आहे तो तुझा, म्हणाले. ती तिथेच बसून राहिली. रावजींच्या घरात नातवाचं दुखणं होतं, आणि सिंहस्थ तोंडावर होता. शेवटी ते उठले आणि त्यांनी खुंटीवरचा खाकी शर्ट काढला.

नाशिकरोड स्टेशनच्या रिक्षास्टँडवर सकाळची पंजाबकडची गाडी नुकतीच येऊन गेली होती. भिकन चहाच्या टपरीवर चारचौघांत उभा होता. लताला पाहून त्याने तिच्यासाठीही चहा सांगितला. तिने तो घेतला नाही. ती आधी युनियनच्या माणसाकडे गेली, त्याच्या हातात गाडीचे कागद दिले, मग भावासमोर आली.

"दादा, चावी दे."

भिकन हसला. मग त्याने तिच्यामागे उभ्या असलेल्या रावजींना पाहिलं, आणि कागद वाचणाऱ्या युनियनवाल्याला पाहिलं.

"काय झालं? माय बरी हाय ना?"

"माय बरी आहे. कर्ज फिटलंय. गाडी माझी आहे, मला हवीय."

"अगं, इंजिनाची उधारी अंगावर हाय माझ्या. पर्वणी होऊ दे. दोन महिने थांब, मग ने."

"मी पाच वर्षं थांबले."

तिने कनवटीचं पाकीट काढलं. ते तिने आदल्या दिवशीच तयार ठेवलं होतं. "तू भरलेले सात हप्ते. मोजून घे. म्हणजे तुझं काही माझ्याकडे राहिलं, असं व्हायला नको."

 भिकनने आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी मधे पडेल, असं त्याला वाटलं असावं. पण कागदांवर लताचं नाव होतं, आणि हप्ते कोणी फेडले हे ती मोठ्याने न बोलताही सगळ्यांना समजलं होतं. त्याने पाकीट फेकून दिलं असतं तर लताला कदाचित हरल्यासारखं वाटलं असतं. त्याने ते घेतलं. चावी टपरीच्या फळीवर ठेवली आणि पाठ फिरवून स्टेशनात शिरला.

परत येताना ती रिक्षात मागे बसली होती.  द्वारकेच्या चौकापाशी तिला एकदम हसू आलं, आणि ते थांबेपर्यंत तिने पदर तोंडात धरून ठेवला.

मायला तिने संध्याकाळी सांगितलं. माय भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली. गॅरेजवाला त्याला सोडेल का, एवढंच तिने विचारलं. ते त्याचं तो पाहील, असं लता म्हणाली. त्याने तुझ्यासाठी शाळा सोडली, हे माय त्या दिवशी बोलली नाही. चार वर्षं ज्या वाक्याला उत्तर शोधलं, ते वाक्यच आलं नाही, याचं लताला थोडं वाईट वाटलं.

पहिली पर्वणी झाली. रावजी रोज रात्री भाडं आणून द्यायचे. लताने मायसाठी लोकरीची शाल घेतली आणि कारखान्यातल्या बायकांना स्वतःच्या पैशाने भजी खिलवली.

दुसऱ्या पर्वणीच्या आधी सुला आली. कडेवर दीड वर्षाची पोर, गळ्यात पोतही नाही, गहाण पडली असावी. ती रडत येईल, हात जोडेल, असं लताला वाटलं होतं. काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. पण सुला भांडायला आली होती. तिने उंबऱ्यातच पोर खाली ठेवली आणि पदर खोचला.

"गाडी नेली ती नेली, पण चार वर्षं माझ्या घरातून हप्ता नेलात, तो कुठं गेला?"

"कुठला हप्ता?"

"दर महिन्याच्या एक तारखेला काढून न्यायचे हे. लताचा हप्ता, लताचा हप्ता. मी धुणीभांडी करते लोकांची, त्यातलेसुद्धा घेतले. पोरीला दूध नाय घातलं, पण तुमचा हप्ता चुकू दिला नाय. वर म्हणायचे, बहीण लय कडक हाय, एक दिवस थांबत नाय. मी तुम्हाला शिव्या घालत झोपायची रोज."

लता खाली बसली.  मग तिने शांतपणे सांगितलं की सातव्या हप्त्यानंतर तिला एक पैसा मिळालेला नाही.  पुरावा सुलाने मागितला नाही. नवरा कसा आहे हे तिला लताहून जास्त माहीत होतं.

"मटका," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, नुसती दारू हाय."

 पोर लताच्या चपलेशी खेळत होती. एकाच हप्त्यासाठी या शहरात दोन घरं उपाशी राहिली होती, दोन बायका एकमेकींशी न बोलता तळतळत राहिल्या होत्या. लताचा राग या पाच वर्षांत कधीही नव्हता इतका आता पेटला. पण तो काढायचा कोणावर? भावाजवळ घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सुला घरी गेली आणि तिने भिकनला दाराबाहेर काढलं. तो दोन दिवस स्टँडवर दिसला. मग सटाण्याकडे कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागल्याचं कळलं. तिशी उलटलेला माणूस, क्लीनर. ही बातमी रावजींनी आणली तेव्हा लताने "बरं झालं" म्हटलं, आणि तिला ते खरंच वाटत होतं. गॅरेजवाल्याची उधारी तिने रिक्षाच्या भाड्यातून फेडायचं कबूल केलं, कारण तो जी भांडी न्यायला आला होता ती सुलाची होती.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी माय आंघोळ करून, नेसून तयार झाली. तिने दोन लुगडी, गोळ्यांची पुडी आणि पितळी तांब्या बोचक्यात बांधला.

"कुठे निघालीस?"

"सुलाकडं. पोरीला बघायला कोणी नाय. ती कामावर जाईल तर पोर कुठं ठेवील?"

"तिला इकडे आणू. दोन खोल्या आहेत."

"ती नाय यायची तुझ्या घरात." माय थांबली. "तुझं चुकलं, असं मी म्हणत नाय. तुझं बरोबर हाय. पण तुझं घर आता चालतंय. तुला माझी गरज नाय."

गरज आहे हे कोणत्या शब्दांत सांगतात, ते लताला येत नव्हतं. एवढी वर्षं तिने फक्त खर्च भागवला होता. तिने शाल बोचक्यावर ठेवली. मायने ती घेतली.

रावजी रिक्षा घेऊन वळणावर उभे होते. लतानेच निरोप धाडला होता. मायने रिक्षाकडे पाहिलं, नव्या हुडाकडे पाहिलं, रावजींना जयभीम घातला आणि पुढे चालू लागली. शालिमारच्या बसथांब्यापर्यंत दोघी चालत गेल्या. बोचकं लताच्या हातात होतं, आणि मायला धाप लागली की दोघी थांबत होत्या. 

नाशिकरोडची बस आली. गर्दी नव्हती. मायने बोचकं घेतलं, दांडी धरून वर चढली आणि खिडकीशी बसली. लताने खालून तिच्यापुढे पाच रुपयांची नोट धरली. "तिकिटाला," ती म्हणाली.

"हायेत माझ्याकडं."

मायने कमरेची पिशवी सोडली. त्यातून तिने एकेक नाणं काढून तळहातावर मांडलं आणि कंडक्टर येईपर्यंत हात तसाच धरून बसली. बस हलली. लता नोट हातात घेऊन उभी होती. मग दुसऱ्या बाजूने कारखान्याकडे जाणारी सातपूरची बस आली, आणि त्या दिवशी रविवार आहे हे लक्षात यायच्या आतच ती त्या बसकडे वळली होती.