वीस गोळ्यांचं एक खोकं

गिऱ्हाईक कपलिंग परत घ्या म्हणून अडून बसलं होतं आणि उल्हास ते काउंटरवरून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे सरकवत होता.

"एक बार मशीन पे चढाया, ग्रीस लग गया. अब ये आपका है, भाई."

फोन वाजला. मुलाचा, कुणालचा. उल्हासने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी उचलला तो वैतागूनच.

"कुणाल, समोर गिऱ्हाईक उभं आहे. काय आहे?"

कुणालने सांगितलं. उल्हासने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मग गल्ला उघडून त्याने त्या माणसाला कपलिंगचे पूर्ण पैसे परत दिले. शारजाच्या औद्योगिक भागातल्या त्या बेअरिंग-पंपांच्या दुकानात त्याने आजवर वापरलेला माल परत घेतला नव्हता. दुकानात त्याच्याबरोबर काम करणारा यूनुस बघत राहिला.

"क्या हुआ, उल्हासभाई?"

तेव्हा ते त्याला पहिल्यांदा मोठ्याने बोलावं लागलं. त्याची बायको विद्युल्लता गेली होती.

ती अमेरिकेला सुनेच्या बाळंतपणासाठी गेली होती. नात झाली, सगळं नीट झालं. त्या दिवशी ती आणि कुणाल डॅलसजवळच्या एका इंडियन ग्रोसरीत सामान आणायला गेले होते. सामान गाडीत भरून झाल्यावर कुणाल रिकामी ट्रॉली जागेवर लावायला गेला. तेवढ्यात दोघं आले आणि त्यांनी तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. तिने ते सोडलं नाही. ती पडली, आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. बस, एवढंच. ते दोघं सापडले नाहीत.

उल्हास तिकडे गेला, तेराव्यापर्यंत राहिला आणि परत येऊन काउंटरवर उभा राहिला. दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. महिन्याभराने इशिता, त्याची सून, बाळाला घेऊन पुण्याला आईकडे गेली. थोडे दिवस म्हणून गेली ती अजून तिथेच होती. उल्हासने कुणालला कारण विचारलं तर तो "तिला रेस्ट हवी आहे" एवढंच म्हणायचा.

आणि मग ते पिस्तुलाचं सुरू झालं.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षं खरेदी करताय. मला एक डिसाइड करायला मदत करा."

"काय घेतोयस? फ्रिज?"

"हँडगन. कन्सील्ड कॅरी. म्हणजे शर्टाखाली, कमरेला. कुणाला दिसत नाही."

उल्हास दुपारचा डबा खात होता. त्याने घास खाली ठेवला.

"दिसतच नाही तर चोर घाबरणार कशाला?"

"बाबा, प्लीज."

"ग्रीन कार्ड मिळालं ते ह्यासाठी?"

"इथे सगळ्यांकडे असतं. लीगल आहे."

समोर बसलेल्या यूनुसला मराठी येत नव्हतं, पण उल्हासचा चेहरा बघून त्याने विचारलं, "लडका गाडी ले रहा है क्या?"

"पिस्तौल."

"अस्तगफिरुल्ला." यूनुसने दाराकडे बघितलं. "उल्हासभाई, ये शब्द इधर दुकान में मत बोलो. कोई सुनेगा तो तुमको, मेरेको, सेठ को, तीनों को उठाके ले जाएगा."

उल्हासने फोन घेऊन मागच्या गोडाऊनमध्ये जायचं ठरवलं, आणि पुढचे तीन-चार आठवडे तो तिथेच जात राहिला. गोडाऊनमध्ये एसी नव्हता. जूनचा उकाडा आणि कानात पिस्तूल. एक पातळ होतं, खिशात मावायचं, पण हाताला झटका जास्त देणारं. दुसरं जरा जाड, जड, त्यात गोळ्या जास्त. कुणाल फोटो पाठवायचा, मग लगेच बोटिम ॲपवर फोन करायचा. पातळ साडेचारशे डॉलर. सोळाशे दिरहम, उल्हास मनात करायचा, म्हणजे चाळीस हजार रुपये. चाळीस हजार रुपयांना माणूस मारायचं यंत्र.

"तू जेवलास का?"

"हो. बाबा, ह्याला सेफ्टीचं बटण आहे, त्याला नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू काय जेवलास?"

"सीरियल."

"रात्री?"

"बाबा, यू आर नॉट लिसनिंग."

ह्या पोराला आईबद्दल एक शब्द बोलायचा नव्हता. बायको कधी येणार, पोरगी पालथी पडली का, ह्यातलं काही नाही. विषय काढला की तो गोळ्यांवर यायचा. गोळ्यांचे भाव उल्हासला आता तोंडपाठ झाले होते. सरावाच्या गोळ्या मोठ्या खोक्यात घेतल्या तर एक पडायची एका दिरहमला. एका कडक चहाचा भाव. संरक्षणाच्या म्हणून वेगळ्या असायच्या, त्या वीसच्या लहान खोक्यात येत, आणि त्यातली एक चार दिरहमला.

एकदा कुणाल म्हणाला, "विअर्ड आहे. पातळ पिस्तुलाची गोळी लहान आहे, तरी महाग."

"खप कमी असणार," उल्हास म्हणाला. "आडमापाचं बेअरिंग नेहमी महाग पडतं. माल लहान आहे म्हणून स्वस्त होत नाही."

"सी, म्हणूनच तुम्हाला विचारतो."

उल्हासला स्वतःचाच राग आला. हे काय आपण उत्तर देत बसलो. तो चिडून म्हणाला, "आणि घेतलंस, कमरेला लावलंस, पुढे काय? त्या दिवशी असतं तर काय केलं असतंस? ट्रॉली सोडून धावला असतास गोळ्या झाडत?"

कुणाल म्हणाला, "मीटिंग आहे. नंतर करतो."

दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा तो काहीच न घडल्यासारखा बोलत होता, कमरेला लावायच्या कातडी म्यानांबद्दल. एक उजव्या बाजूचं, एक पोटापाशी. अर्धा तास. उल्हास हुंकार देत राहिला. म्हटलं, घेऊ दे एकदाचं. नवं खेळणं असतं, महिनाभर मिरवेल आणि कपाटात टाकेल. आई गेलेल्या पोराला काहीतरी करायचं असतं, ते तो हे करतोय. त्याने व्यापाऱ्यासारखं विचारायला सुरुवात केली. वापर किती? सराव कुठे? आठवड्याला किती गोळ्या जाणार? वर्षाचा खर्च काढ, नुसती मशीनची किंमत बघून कुणी मशीन घेतं का? कुणालने लायसन्सच्या क्लासमध्ये नाव घातल्याचं सांगितलं. शनिवारी रेंजवर जाऊन नेम धरायला शिकणार होता. हजार गोळ्यांचं खोकं घेणार होता. उल्हासने ते हजार दिरहम धरले, पोस्टेज वेगळं, आणि म्हणाला, "घे. पण आधी इशिताला विचार."

शुक्रवारी दुकान बंद असायचं. उल्हास अल नहदाच्या फ्लॅटवर पडून होता. चार वाजता फोन आला. तिकडे सकाळचे सात.

"बाबा, फायनल केलं. फोटो पाठवलाय. ऑर्डर करतोय."

उल्हास उठला, चहाचं आधण ठेवलं, चष्मा शोधला. फोन न तोडता त्याने फोटो उघडला. पातळ पिस्तूल. त्याखाली वीस महाग गोळ्यांचं एक खोकं. त्याखाली बेरीज.

"हे अर्धवट आहे," तो म्हणाला. "ती हजारची पेटी कुठे आहे?"

"ती नको."

"मग सराव कशाने करणार?"

"सराव नाही करत."

"आणि ते म्यान? अर्धा तास माझं डोकं खाल्लंस म्यानावरून."

"काढलं लिस्टमधून."

"अरे, मग कमरेला काय सुतळीने बांधणार आहेस? क्लासमध्ये काय सांगणार?"

"क्लास कॅन्सल केला, बाबा. गरज नाही."

उल्हासने फोटो पुन्हा बघितला. वीस वर्षं तो काउंटरवर उभा होता. पंप नेणारा माणूस ऑइल सील विचारतो, फिल्टर विचारतो, पुढच्या वेळी भाव कमी करणार का विचारतो. जो काहीच विचारत नाही, त्याला तो पंप एकदाच चालवायचा असतो. विहीर उपसायची, आणि झालं.

चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला. ओटा पुसायला फडकं घेतलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला.

"कुणाल."

"हं."

"रात्री झोपला होतास का?"

"थोडा."

"हे कुणासाठी घेतोयस?"

पलीकडून कुणालचा श्वास ऐकू येत होता. गिऱ्हाईक विचार करत असलं की मध्ये बोलू नये, हे त्याला माहीत होतं. पण आता त्याला कुणालला ओरडून बोलवावंसं वाटत होतं, त्याच्या लहानपणी रस्ता ओलांडताना ओरडायचा तसं.

"बाबा, त्या ट्रॉलीत काहीच नव्हतं," कुणाल म्हणाला. "तिथेच सोडली असती तरी चाललं असतं. सगळे सोडतात."

उल्हास खुर्चीवर बसला.

"स्वतःला काही करायचं डोक्यात आहे का तुझ्या?"

"रोज नाही," कुणाल म्हणाला.

उल्हासला वाटलं होतं की आपला आवाज फुटेल. तो फुटला नाही. आला तो नेहमीचाच आला, काउंटरवरचा, वैतागलेला.

"ठीक आहे. आधी ते सगळं काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर. आणि फोटो पाठव."

"बाबा..."

"पाठव म्हटलं ना."

फोटो आला. यादी रिकामी होती.

"घरात आधीचं काही आहे? उसनं आणलेलं, मित्राचं?"

"नाही."

"शपथ नको घालायला लावूस."

"नाही, बाबा. खरंच नाही."

"आता परेशला फोन लाव." परेश कुणालच्या ऑफिसातला मित्र. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. अंत्यविधीच्या वेळी सगळी धावपळ त्यानेच केली होती.

"तो उठला पण नसेल."

"मग उठव. सुट्टीची सकाळ नाही आज, ऑफिसला जायचंच असेल त्याला. दुसऱ्या फोनवरून लाव. हा चालू राहू दे. हा बंद केलास तर याद राख."

"मी त्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. बाबांनी बोलावलंय म्हण. मी सांगतो."

कुणालने फोन लावला. उल्हासला त्याचं अर्धंच बोलणं ऐकू आलं. सॉरी, यार. नाही, मी ठीक आहे. बाबांनी बोलावलंय. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"येतोय," कुणाल म्हणाला.

"दार उघडून ठेव. आणि तोपर्यंत काहीतरी खा."

"काय?"

"ते तुझं सीरियल खा. मला ऐकू येऊ दे."

कुणाल हसला की रडला ते उल्हासला कळलं नाही. मग वाटीत चमचा वाजला. मायक्रोवेव्ह, फ्रिज, नळ, एकेक आवाज तो ओळखत होता. तेराव्यापर्यंत तिथे राहिला होता. दार लोटल्याचा आवाज आला. परेश धावतच आला असावा, कारण तो धापा टाकत होता. उल्हासने त्याला फोनवर घेतलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. परेश म्हणाला, "काका, मी आज ऑफिसला जात नाही. इथे अशा वेळी फोन करायचा एक नंबर असतो, तो आत्ताच लावतो. आणि ह्याला डॉक्टरकडे मीच नेतो."

"त्याला एकटा सोडू नकोस. बाथरूमला गेला तरी दाराशी उभा राहा."

"काका, मला चावी दिलीय त्याने घराची. मी इथेच आहे."

"मी येतोय," उल्हास म्हणाला. "उद्या नाहीतर परवा."

ते बोलल्यावर त्याला आठवलं, पासपोर्ट आपल्याकडे नाही. त्याने पीआरओला, दुकानाची व्हिसाची कामं बघणाऱ्या माणसाला, फोन लावला; पासपोर्ट व्हिसा रिन्यू करायला त्याच्याकडेच गेला होता. शुक्रवार असल्याने फोन उचलला गेला नाही. त्याने यूनुसला लावला.

"यूनुस, पीआरओ का घर मालूम है तेरेको?"

"अजमान में. क्यों?"

"मेरेको अभी जाना है. पासपोर्ट चाहिए."

"आज जुम्मा है, उल्हासभाई. वो सोया होगा."

"तो उठाएंगे."

यूनुसने पुढे काही विचारलं नाही. दहा मिनिटांत खाली येतो म्हणाला.

उल्हासने ओटा पुसला. शर्ट बदलला. परेशचा मेसेज आला होता, दोघं सोफ्यावर बसलेत, कुणालने डोळे मिटलेत. खालून यूनुसने हॉर्न दिला. पुण्यात आता साडेसहा वाजले असतील. पासपोर्ट अजून अजमानला होता, सुट्टी अजून मागायची होती, आणि इशिताला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.