डिकीचं दार

दोघा भावांचं गॅरेज होतं. दादा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, धाकटा वेल्डिंग करायचा. दादाच्या हाती हत्यार दिलं की काम वाढायचं. स्क्रू एका मापाचा, स्क्रूड्रायव्हर भलत्याच मापाचा, चार वेळा घसरून स्क्रूचं तोंड पार झिजलं की दादा म्हणणार, "जाम झालाय बघ." लहानपणापासून असे झिजलेले स्क्रू काढायचं काम धाकट्याच्या वाट्याला आलेलं. पण दादाचा शब्द त्याला प्रमाण होता.

गेलं वर्षभर धाकटा एका लोखंडी नळीच्या मागे हात धुऊन लागला होता. हॅचबॅक गाडी मागून पोकळ, वळणावर तिचं अंग पिळतं. मागच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यांना जोडणारी ही नळी, म्हणजे ब्रेस, डिकीत आडवी टाकली, की ते पिळणं थांबेल, असं त्याचं म्हणणं. मोजायची यंत्रं कुठून आणणार? मग त्याने स्वतःच एक परीक्षा शोधून काढली. बायकोच्या जुन्या गाडीचं मागचं एक चाक ठोकळ्यावर चढवायचं. तेवढ्याने गाडी अशी पिळायची, की डिकीचं दार आपटूनही लागायचं नाही. ब्रेस लावल्यावर लागलं, तर ब्रेस पास.

धाकटा चाकापाशी उकिडवा बसून सांध्यांवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "लागलं का?" मागे उभा राहून दार ओढायचं काम दादाचं.

पहिल्या तीन ब्रेस नापास झाल्या. धाकट्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. चौथी त्याने जाड नळीची केली, आणि दादा म्हणाला, "लागलं."

त्या दिवशी धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. चौथी भिंतीवर टांगून त्याने पाचवी केली, बारीक नळीची. "लागलं." सहावी त्याहून हलकी. "लागलं. तुझ्या हाताला जादू आहे रे." दादाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तो चढत गेला. सातवी तर दोन बोटांवर तोलता यायची. ॲक्सेसरीजच्या दुकानाचा मालक उद्या तीच बघायला येणार होता. पसंत पडली, तर शंभर गाड्यांत धाकट्याचं काम बसणार होतं.

बायको मात्र कधीपासून एकच सांगत होती, "डिकीचं दार खडखडतंय." दादा म्हणायचा, "जुनी गाडी आहे, वाजणारच." आज तिने पुन्हा विषय काढला. "उद्या पाहुण्यांना चक्कर मारून आणाल आणि मागे डबा वाजत राहील. शोभेल का ते?"

म्हणून धाकटा दाराखाली वाकला. लॉक ज्या कडीत अडकतं, ती कडी जागेवरून नखभर बाहेर सरकली होती. जुन्या जागी रंगाचा ठसा तसाच होता. आणि कडीच्या दोन्ही स्क्रूंची तोंडं झिजलेली होती.

त्याने सातवी ब्रेस काढून बाजूला ठेवली, चाक ठोकळ्यावर चढवलं आणि ब्रेसशिवायच दार ओढलं. दार आपलं गुमान लागलं. ब्रेस काढून पाहायचं त्याला पहिल्या दिवसानंतर सुचलंच नव्हतं.

दादा आतून आला.

"कधी केलंस?" धाकट्याने विचारलं.

"चौथीच्या आधी." दादाने मान खाली घातली. "तू खात नव्हतास, पीत नव्हतास. म्हटलं, एकदा लागू दे आणि सुटू दे याला."

"आणि पाचवी? सहावी?"

"तोवर सांगायला तोंड राहिलं नव्हतं."

"उद्या तो माणूस ही घेऊन गेला असता, दादा."

"अरे, कोण चाकाखाली ठोकळा घालून बघतंय?"

हे वाक्य धाकट्याला सगळ्यात जास्त लागलं. परक्याने फसवलं असतं, तर दोन शिव्या घालून तो मोकळा झाला असता. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणाऱ्याला अजून वाटत होतं, की आपण मायाच केली. त्याला दादाचा राग आला, आणि त्या प्रत्येक 'लागलं'वर आपण किती खूश झालो होतो, याची लाज वाटली.

त्याने कडी जुन्या ठशावर आणून घट्ट केली. सातवी परत लावली. दार लागलं नाही. त्याने दुकानाच्या मालकाला फोन केला, "उद्या येऊ नका. माल बरोबर नाही."

मग धाकट्याने भिंतीवरची चौथी काढली. धूळ पुसली, बोल्ट कसले. दादा सवयीने मागे जाऊन दाराला हात घालू लागला.

"तू सरक," धाकटा म्हणाला आणि त्याने स्वतः दार ओढलं.

खट्ट. दार लागलं.

चौथी पहिल्यापासून पास होती. कडी सरकवायची गरजच नव्हती. फक्त दादाला थोडा भरवसा असायला हवा होता. दादाच्याही ते ध्यानात आलं. त्याचे डोळे भरले.

"लागलं की रे," तो म्हणाला.

धाकट्याने वाकून कडी जुन्या ठशावरच आहे ना, ते पाहिलं. मग दार उघडलं आणि पुन्हा एकदा लावून बघितलं.