रबरी पायाचं विष

साखऱ्याच्या मारुतीसमोर त्या सकाळी चपलांचा एवढा ढीग पडला होता, की निम्मी माणसं दुसऱ्याच्या चपला घालून घरी गेली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. सगळ्यांचा जीव तळपायाशी आला होता. मंडपात खुर्चीवर बसायचं, पाय टबात सोडायचे, गुडघ्यापासून टबापर्यंत भगवं फडकं पांघरायचं, आणि थोड्या वेळात फडक्याच्या कडेनं बघायचं. हापशाचं नितळ पाणी आधी पिवळं, मग तांबडं, मग गटारासारखं काळं. अंगातलं विष तळपायातून उतरलं म्हणे.

"डॉक्टर काय करतो, माउली?" निर्मळनाथ महाराज माईकवरून विचारत होते. "रक्त तपासा, लघवी तपासा, फोटो काढा. विष तुमच्या अंगात आणि तो बघतो कागद. इथं तुमचं विष तुमच्या डोळ्यांनी बघा. सात बैठका करा आणि दवाखान्याचा खर्च जन्मभर विसरा. गोळ्यांचं पाकीट इथंच मारुतीरायाच्या पायाशी सोडून जा."

मारुतीच्या पायाशी खरंच गोळ्यांच्या पाकिटांची रास लागली होती. मी जांभई दिली. ह्याच मंडपात मुतखडा तोंडानं ओढून काढणारा मी पाहिला, लिंबातून रक्त काढणारा पाहिला, चुंबकाचं कडं विकणारा पाहिला. दर वेळी बुवा नवा आणि गर्दी तीच. चमत्कार बघून बघून माणूस थकतो, हे कुणी सांगत नाही.

बायांमध्ये तर चढाओढ लागली होती. तांड्यावरची जिवनबाई कंबरेवर हात ठेवून सांगत होती, "माझं डांबर निघालं डांबर. मोतीबाईचं काय, नुसता चहा."

मोतीबाईचं तोंड उतरलं आणि ती पुन्हा रांगेत उभी राहिली. डांबर निघेपर्यंत ती पैसे भरणार होती.

रांगेत माझी वहिनी शालूबाईही होती. थोरल्या भावाची बायको. तिला साखरेचा आजार. आरोग्य केंद्रात ह्या आजाराच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि नेमकं म्हणूनच ती त्या घेत नव्हती. फुकटची गोळी लागू होत नाही, हे तिचं पक्कं मत. म्हणून एसटीनं हिंगोलीला जायचं, खाजगीत फी भरायची, आणि तीच गोळी चकचकीत पाकिटातून आणायची. मग खर्चापायी रात्रभर तळमळायचं. तो खर्च वाचवायला ती आता टबात पाय घालून बसत होती. गोळ्या तिनं मारुतीला वाहिल्या होत्या. डाव्या अंगठ्याला जखम होती, तीही रोज त्याच पाण्यात बुडत होती.

आदल्या संध्याकाळी तिची सून वैष्णवी माझ्या ओसरीवर आली. वैष्णवी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते.

"तात्या, आईंचा अंगठा काळा पडून राहिलाय. मी सांगते तर म्हणतात, तू शाळेत पोरं शिकव."

"तुझा नवरा, सोमेश्वर, काय म्हणतो?"

"ते म्हणतात, आईचं मन मोडू नको. मन सांभाळता सांभाळता पाय जाईल त्यांचा."

"मंग मी काय करू बाई? मला पाय एकच."

"तो नकोच मला," वैष्णवी म्हणाली. "दुसरा पाहिजे."

माझा उजवा पाय गुडघ्याखाली रबराचा आहे. जयपुरी. बोटं, नखं, टाच, सगळं बेमालूम. खरा पाय येलदरी धरणातल्या मगरीनं नेला, असं मी पोरांना सांगतो. पाहुण्यांना सांगतो की औंढ्याच्या जत्रेत हत्तीनं त्यावर पाय दिला. तो सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. परगावच्या महाराजांना तेवढं माहीत नव्हतं.

तर त्या सकाळी मी लंगडत महाराजांच्या चेल्यापाशी गेलो. दिपक त्याचं नाव.

"एकच पाय बुडवायचाय. अर्ध्या पैशात होईल का?"

"आजोबा, विष दोन्ही पायांत असतं."

"डाव्याचं उद्या बघू. आज ह्याची तकलीफ जास्त."

रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. दिपकला वाटलं, भक्तिभाव आहे. मी खुर्चीवर बसलो, डावा पाय वर दुमडला, उजवा टबात सोडला. त्यानं फडकं पांघरलं, मंतरलेलं मीठ टाकलं आणि बटन दाबलं. पाण्याला बुडबुडे आले, पिवळी साय धरली, आणि बघता बघता जिवनबाईला लाजवील असं डांबर झालं.

महाराज स्वतः उठून आले. "बाबा, तुमच्या चालण्यावरूनच ओळखलं मी. सांध्यात वात. लिव्हरला गर्मी. आणि साखर. पायाला मुंग्या येतात?"

"ह्या पायाला न्हाई येत."

"विष उतरलं की नाही येत. आता कसं वाटतं?"

"काईच वाटत न्हाई, महाराज."

"हलकं वाटेल."

"हलकाच हाय तो," म्हणून मी धोतर वर घेतलं, पट्टा सोडला आणि पाय टबातून काढून त्यांच्या हातात दिला. "बघा बरं, ह्याचं लिव्हर कुठं असंल?"

मंडपात असा हशा उसळला की माईक शिट्टी मारायला लागला. पण बुवा मुरलेला होता. पाय दोन्ही हातांत धरून त्यानं डोळे मिटले. "पाय गेला तरी पायाची आठवण देहात राहते, माउली. त्या आठवणीचं विष रबरातून उतरलं. हा तर मोठा चमत्कार."

आणि खरं सांगतो, चार माना हलल्या. "असंल बी," कुणीतरी म्हणालं. मला माझ्या त्या पायासकट घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

तेवढ्यात वैष्णवी हापशावरून भरलेली बादली घेऊन आली. तिनं टब उलटा केला, धुतला, नवं पाणी ओतलं. "आता कुणाचाच पाय नको. आठवणीचाही नको," ती म्हणाली आणि भगवं फडकं तिनं घडी करून बाजूला ठेवलं. फडक्याखाली झाकलेलं उघडं पडलं. टबाच्या तळाशी दोन लोखंडी सळया, त्यांना दोन वायरी, आणि वायरी खुर्चीमागच्या बॅटरीला.

दिपक बटनाकडे सरकला, तर तांड्यावरच्या रतनसिंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे की. बाईला करू दे."

वैष्णवीनं आधी नुसतं पाणी ठेवून बटन दाबलं. पाणी नितळच राहिलं. मग स्वयंपाकघरातलं साधं मीठ मूठभर टाकलं. बुडबुडे आले. पिवळी साय आली. मग तांबडं, मग काळं. टबात पाय नव्हता, माणूस नव्हता, आठवण नव्हती.

"मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते," ती म्हणाली. "वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. जुना आजार सांगितला की हा मीठ जास्त टाकतो, म्हणून पाणी जास्त काळं." तिनं एक सळई उचलून दाखवली. खालचं टोक उसाच्या चिपाडासारखं खाल्लेलं होतं. "आजार कुणाचाच उतरून राहिला नाही. ही सळई झिजून राहिलीय."

जिवनबाई पुढं वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "पर मला त्या रात्री झोप बराबर लागली व्हती."

गरम दुपारी गार पाण्यात पाय ठेवून बसलं तर मलाही लागली असती. एका पायाला तरी.

तेवढ्या गोंधळात महाराजांची जीप जवळा बाजारच्या रस्त्यानं पसार झाली. पोलीस पाटलानं नंबर टिपून ठाण्यात फोन लावला. पुढं काय व्हायचं ते होईल. मला घाई होती ती पाय परत चढवून वहिनीला आरोग्य केंद्रात न्यायची.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा धुतला, पट्टी केली. "आणखी उशीर झाला असता तर कापावा लागला असता," एवढंच म्हणाल्या आणि गोळ्या दिल्या. वहिनी बाकावर बसून ते साधं पाकीट उलटंपालटं करत राहिली.

"भाऊजी, खरंच लागू पडंल का हो ही? फुकटची?"

माझ्या जिभेवर एक झकास थाप आली. ह्या गोळ्या विमानानं मंत्र्यांसाठी येतात, आपल्याला वशिल्यानं मिळाल्या. वहिनीनं एका दमात गिळली असती. वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं. "तात्या, नको."

मी काठी बाजूला ठेवली.

"वहिनी, मगरीची थाप मी मारतो, कारण ती ऐकून कुणाची गोळी बंद पडत न्हाई. हे मातर खरं सांगतो. हिंगोलीच्या पाकिटात आन ह्यात औषध तेच. फुकट बी न्हाई ते. काडीपेटी घेतली तरी सरकार आपल्याकडून कर काढून घेतं, त्यातूनच येती ही गोळी. खर्च वाचवायचा ना? मंग रोज खा, रक्त तपासत जा, पाय बघत जा. अंगठा वाचला तर खर्च वाचला. कुणी काई दाखवलं तर एकच इचारायचं, माझ्याबिगर बी हे असंच घडंल का?"

वहिनीनं गोळी जिभेवर ठेवली, ग्लास तोंडाला लावला. मग उरलेलं अर्धं पाणी खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिली.

"रंग काई बदलला न्हाई, भाऊजी."

"न्हाई बदलत," मी म्हणालो. "प्या ते."