बाटुआनऐवजी चिंच

वहिनीच्या हातचं कालवण एक घोट पिऊनच मर्लिताच्या म्हाताऱ्या वडिलांनी, म्हणजे तातायनी, तोंड वाकडं केलं होतं. "बाटुआनच्या फळांचा आंबटपणा फक्त माझ्या मर्लिताला जमतो!" झालं! वहिनी हात झटकून मोकळी झाली आणि मर्लिताला बाकोलोद शहरातल्या नोकरीवर पाणी सोडावं लागलं. तेव्हापासून ताताय खाटेवर आणि ती चुलीपाशी.

आज मात्र तिचं डोकं फिरलं. तुरीचे दाणे, डुकराचं मांस, कच्चा फणस सगळं शिजलं, पण टोपलीतल्या बाटुआनच्या फळांना तिनं हातही लावला नाही. सरळ चिंच कोळून ओतली. इथलं, इलोइलोतलं शेंबडं पोरही असलं कालवण थुंकून टाकेल. 'थुंका एकदाचं,' ती मनात म्हणाली, 'आणि म्हणा, मर्लिताचाही हात बिघडला. सुटेन तरी मी.'

तातायनी भुरका मारला, डोळे मिटले आणि वाडगा चाटूनपुसून रिकामा केला.

"वा! याला म्हणतात बाटुआन!"

"ताताय, त्यात चिंच आहे," मर्लिता फणकारली.

म्हातारा जराही दचकला नाही. त्यानं रिकामा वाडगा तिच्यापुढे धरला.

"असेना का. वाढणारी तू आहेस ना, पोरी? मग झालं."