मेघपुरीच्या चिठ्ठ्यांचा डबा

मित्रांनो, शाळेच्या खिडकीत खडू पोटात घेऊन बसलेला, काठाला गंजलेला जो गोल डबा तुम्हाला दिसतो, तो मी. मला गप्प बसायला जमत नाही. कोणी नुसते टेबल सरकवले तरी मी खडखडतो. त्याला कारण आहे.

वसमतच्या एका दुकानात आलो तेव्हा माझ्यात वनस्पती तूप होते. त्याच भागातल्या गोरेगावजवळच्या लमाण तांड्यावरच्या मिराबाईंनी मला घरी नेले. तूप संपल्यावर त्यांनी माझ्यात तुरीची डाळ भरली. झाकण किती गच्च बसते, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी फुशारून जाई. पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो.

मिराबाईंची नात निता सहावीत होती. तिच्या मैत्रिणीला, शाळेतल्या विश्वंभर गुरुजींच्या मुलीला अनुश्रीला, खेळासाठी डबा हवा होता, म्हणून निताने मला शाळेत नेले. अनुश्रीने मेघपुरी नावाचे राज्य रचले होते. तिथे विजा वळणारे, वारा विणणारे, चांदण्या टाचणारे लोक राहत. सगळ्यांत खाली भारवाहे. त्यांनी ढगांचे पाणी पाठीवर वाहायचे आणि सगळ्यांचे पिऊन झाल्यावरच प्यायचे. प्रत्येक कामाची चिठ्ठी लिहून तिने माझ्यात टाकली; जी चिठ्ठी निघेल ते काम जन्मभर, पुढे लेकरांनाही तेच. अनुश्रीला चांदण्या निघाल्या. निताचा हात माझ्या पोटात बराच वेळ चाचपडला आणि नेमकी भारवाह्याची चिठ्ठी घेऊन वर आला.

आधी सगळे हसले, निताही हसली. पण चार दिवसांत साऱ्यांची दप्तरे तिच्या पाठीवर आली. नळावर ती शेवटी उभी राहू लागली आणि कधी कधी तिची पाळी येण्याआधीच घंटा होई. चिठ्ठ्या परत माझ्यात ठेवल्या होत्या आणि डबा सांभाळायचे कामही भारवाह्याचेच, म्हणून मी रोज तिच्यासोबत घरी जाई. माझ्याच पोटातून निघालेली ती चिठ्ठी! पण कागदी चिठ्ठ्यांनी खडखडताही येईना, मी नुसता तळमळत होतो.

एके संध्याकाळी तिने घरी येताच तांब्याभर पाणी घटाघटा संपवले. मिराबाईंनी खोदून खोदून विचारले आणि सगळे ऐकून घेतले.

"आपल्या लोकाईनं बी बैलाईच्या पाठीवर भार वाह्यला, बाई," त्या म्हणाल्या. "पण तळ्यावर गेलं की बैल आदी पाणी पित, मंग मालक. ज्याच्या पाठीवर भार, त्याचं पाणी पयलं."

दुसऱ्या दिवशी सुटीत निता दप्तरे खाली ठेवून सरळ रांगेच्या पुढे गेली. अनुश्रीने तिला अडवले. नियम म्हणजे नियम, असे तिचे म्हणणे. निताने माझे झाकण काढले आणि चिठ्ठ्यांसकट मला नळाखाली धरले.

"या डब्यात तूप होतं, मंग डाळ, मंग तुझ्या चिठ्ठ्या," ती म्हणाली. "डब्याचं काम बदलून राहिलं, माझं काहून न्हाई?"

शाई विरघळली. चांदण्या, विजा, भार, सगळ्यांचा एकच निळा लगदा झाला. तो ओतून टाकून निता ओंजळीने पोटभर पाणी प्यायली. अनुश्री रडवेली झाली होती. तिने आपले दप्तर स्वतः उचलले आणि ती निताच्या मागे रांगेत उभी राहिली.

त्या गडबडीत मला कोणी पुसले नाही, तेव्हाच हा गंज चढला. पुढे माझ्यात शाळेचे खडू आले आणि आता मी खडखडायची एकही संधी सोडत नाही. मित्रांनो, अधूनमधून माझ्यावरून कोरडे फडके फिरवत जा. माझ्यात तूप भरा, डाळ भरा, खडू भरा, मी कुरकुर करणार नाही. फक्त कुणाच्या जन्माची चिठ्ठी पुन्हा माझ्या पोटात टाकू नका.