दोन पायऱ्या वर

मित्रांनो, मला लोक फार शिव्या देतात, म्हणून आज मीच बोलते. मी एक जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, म्हणजे प्रोग्रामरांनी वापरायचा तयार कोडचा संच. वेबपानावरच्या घटकांमधली नाती शोधणं हे माझं काम. कोण कोणाच्या आत, कोण कोणाच्या शेजारी, हे मी क्षणात सांगते. एके काळी माझं कौतुक होत असे. आता नवे प्रोग्रामर नाक मुरडतात.

नौपाड्यातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या यादीवर आसावरी नावाच्या प्रोग्रामरने मला कामाला लावलं. यादीत प्रत्येक पेशंटची एक ओळ, ओळीत एक छोटा डबा आणि डब्यात 'रद्द करा' हे बटण. बटण दाबलं की दोन पायऱ्या वर जायचं आणि तिथे सापडेल ते रद्द करून पेशंटला मेसेज पाठवायचा, असं तिने मला शिकवलं. पहिल्या पायरीवर डबा असे, दुसऱ्या पायरीवर ओळ. 'मधला डबा काढू नये', अशी सूचनाही तिने कोडमध्ये लिहून ठेवली. सात वर्षं मी एकदाही चुकले नाही.

मग आसावरीला बढती मिळाली आणि ते काम तिच्याच ऑफिसातल्या अनिमेषकडे आलं. दोघांचं मुळीच पटत नसे. ती सूचना त्याला टोमण्यासारखी लागली. त्याने ती पुसली आणि डबाही काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरच्या कांताताईंनी एका पेशंटची वेळ रद्द केली. मी दोन पायऱ्या वर गेले. तिथे आता ओळ नव्हती, अख्खी यादी होती. मी एकोणीस जणांना रद्द केलं. यादी रिकामी पाहून डॉक्टर निघून गेले.

बाळकुमच्या चंद्रभागाबाई कित्येक महिन्यांनी धीर करून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या होत्या. कांताताईंनी त्यांना त्यांच्याच मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला.

"माझं नाव मी काढलं नाय," त्या म्हणाल्या. "मंग कोणी काढलं?"

त्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

ऑफिसात अनिमेषने सगळा दोष माझ्यावर ढकलला. आसावरीने जुना कोड उघडून, त्याने पुसलेली सूचना सगळ्यांसमोर दाखवली.

तो म्हणाला, "पायऱ्या मोजायला हिला तूच शिकवलंस. 'सगळ्यात जवळची ओळ शोध', एवढं सांगता आलं नाही तुला?"

मला ते पहिल्या दिवसापासून येत होतं.

मित्रांनो, मला काय हवं ते नाव घेऊन सांगा. नुसत्या पायऱ्या सांगाल, तर मी तेवढ्याच चढेन आणि समोर येईल त्याला पुसून टाकेन.