लाल अक्षराची पोथी

मी बोलतेय ती वासराच्या कातड्यावरून. मी लॅटिन भाषेतली हस्तलिखित पोथी, वय सातशेच्या आसपास. लातुरात माझी भाषा वाचणारं कुणी नाही, पण माझ्यावर भरवसा मात्र सगळ्यांचा. आता बोला.

मला एका ख्रिस्ती साधूने लिहिलं. विषय एकच, दैव. चांगलं दैव आलं म्हणून फुगू नये, वाईट आलं म्हणून खचू नये आणि पुढे काय होणार हे विचारत दारोदार फिरू नये. एवढं सांगण्यात बिचाऱ्याचे डोळे गेले. प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अक्षर त्याने लाल शाईने काढलं, बाकी सगळं काळं.

पुढे हैदराबादेत एका गोऱ्या साहेबाचं सामान विकायला निघालं, तेव्हा औशाकडच्या एका जिल्दसाजाने, म्हणजे पुस्तकं शिवून बांधणाऱ्याने, मला उचललं. माझं कातडं दुसऱ्या पुस्तकांना लावायचा त्याचा बेत होता. पण लिहिलेल्यावर कात्री चालवायला त्याचा हात धजेना. मग त्या घरात मला न वाचताच मान मिळू लागला. मला विचाराल तर कात्री बरी होती.

त्याचा नातू पाशामियाँ, हाही जिल्दसाज. याने माझ्यावर फाल काढायला सुरुवात केली. फाल काढायची म्हणजे डोळे मिटून मला उघडायचं आणि सल्ला घ्यायचा. पानाचं पहिलं अक्षर काळं आलं तर निघायचं, लाल आलं तर थांबायचं. हे शास्त्र त्याने बहुधा रेल्वेच्या सिग्नलवरून बनवलं असावं.

त्र्याण्णव साली, भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच्या बायकोला, हलीमाबीला, मुरुडला माहेरी जायचं होतं. पाशामियाँने फाल काढली. लाल आलं. तिने बांधलेलं गाठोडं सोडलं. मला तसंच उघडं कोनाड्यात ठेवून तो जेवायला बसला.

पहाटे घर बसलं. तो अंगणात झोपला होता, म्हणून उरला. हलीमाबी आत होती. ढिगाऱ्यातून आधी तिला काढलं, मग मला. माझ्या उघड्या पानांवर दगड बसून माझी पाठ तिथेच मोडली होती. दुसऱ्या कुणी असली पोथी चुलीत घातली असती. पण लोक म्हणाले, "बघा, पोथी शाबूत हाय. लई बरकतीची हाय." आणि पाशामियाँने मान डोलावली. माणसांची अक्कल मी त्या दिवशी ओळखली.

मुलगी बिलकीस लातूरला दिलेली होती. तो तिच्याकडे आला. पुढे क्लासवाल्यांच्या गल्लीत दुकान टाकून पोरांच्या नोट्स बांधू लागला. मी काउंटरमागे. माझी कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. किनवट, उमरी, कुठून कुठून आलेली, मेडिकलच्या परीक्षेत आपटलेली पोरं विचारत, अजून एक वर्ष काढू का गावाकडं जाऊ? डोळे मिटून मला उघडत. दरवेळी लाल. पोरं थांबत. क्लासवाले खूष, खोलीमालक खूष. दरवेळी लालच कसं, हा प्रश्न या शास्त्र शिकणाऱ्यांपैकी एकालाही पडला नाही. हेच उद्या तुमची नाडी बघणार.

बिलकीसची उजमाही दोनदा आपटली. तिला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि मनापासून जायचं होतं. पाशामियाँला मात्र नात डॉक्टरच हवी होती. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, उजमा बॅग घेऊन उभी असताना, तो म्हणाला, फाल काढू. तिने डोळे मिटून मला उघडलं. लाल.

"थांब म्हणून राहिली पोथी," पाशामियाँ म्हणाला.

उजमाने मला मिटलं, पुन्हा उघडलं. तेच पान. मग आईला उघडायला लावलं. तेच पान.

"नाना, पाठ मोडली का किताब मोडल्या जागीच उघडते. तुम्हीच शिकवलं ना मला?"

पाशामियाँने माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. जन्मभर पुस्तकं शिवलेला माणूस, पण इतक्या वर्षांत त्याने तिथे हात लावला नव्हता. पानाच्या कडेला पडलेल्या घराची माती अजून होती.

"तुझ्या नानीला ह्याच पानानं थांबवलं," तो म्हणाला. मग मला मिटत, "न्हाई. म्या थांबवलं." आणि त्याने स्वतः तिची बॅग उचलली. "चल. गाडी चुकंल."

रडणाऱ्यांना हसायचं हा माझा जुना धंदा. त्या दिवशी मला हसू आलं नाही. वाईट वाटलं.

उजमा गेली. पाशामियाँने माझी पाठ उसवून नव्याने शिवली. आता मी कुठेही उघडते, आणि बहुतेक वेळा काळंच येतं. पोरं म्हणतात, पोथीतला दम गेला. ती आता शेजारच्या चहावाल्याच्या पोपटाकडे जातात. पोपटाला माझ्या शुभेच्छा.

तुम्ही कधी आलात तर डोळे उघडे ठेवून या. त्या लाल अक्षराच्या पुढे काय लिहिलंय, हे हलीमाबीपासून आजवर कुणीच विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. तिथे लिहिलंय, 'निघायचं असेल तर मला विचारू नकोस. नीघ.'